विश्लेषण : व्यसनाचा डॉक्टर घाटंजीपर्यंत कधी पोहोचणार?

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट, टाळेबंदी आणि दारूची दुकाने बंद. यवतमाळ जिल्ह्यातील वणी शहरात दारू मिळेना म्हणून काही जण सॅनिटायझर प्यायले आणि सात जणांचा जीव गेला. सॅनिटायझर कुठून आले, पोलिसांनी काय केले, दुकाने बंद ठेवणे बरोबर की चूक, यावर पुष्कळ बोलले गेले. दारू एकाएकी तुटली की पिणाऱ्याला वैद्यकीय उपचार लागतात आणि ते जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळायला हवेत, हा मुद्दा त्या गलबल्यात मागे पडला. त्याच जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यासाठी तो आजही तितकाच खरा आहे.

देशात आता व्यसन-मनोविकारशास्त्रातील ‘डीएम’ ही सुपरस्पेशालिटी पदवी आहे. ती घेतलेला डॉक्टर घाटंजीत कधी येईल, हा प्रश्न सध्या तरी बाजूला ठेवलेला बरा. त्याच्याकडे असलेले ज्ञान इथे कसे पोहोचेल, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

दारू अचानक बंद झाली की शरीरात काय होते?

रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय होते. दारू मेंदूचा वेग कमी करते, म्हणून मेंदू तिच्याशी झुंजायला स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. एक दिवस दारू थांबते, पण वाढवलेला वेग तसाच राहतो. मग हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, छाती धडधडते. गावात याला ‘हातपाय कापतात’ म्हणतात. सकाळी एक घोट घेतला की कापरे थांबते, म्हणून माणूस पुन्हा पितो. बघणाऱ्याला ती चैन वाटते. त्याच्या दृष्टीने तो औषधाचा डोस असतो.

काहींचे एवढ्यावर भागते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. आणि थोड्या रुग्णांमध्ये, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, खरा धोका उभा राहतो. माणसाला दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे-साप दिसतात, नसलेल्या माणसांशी तो बोलतो, अंगात ताप असतो, तो उठून पळू पाहतो. वैद्यकीय भाषेत हा ‘डेलिरियम ट्रेमेन्स’. घरच्यांच्या भाषेत ‘याला काहीतरी लागलं’. मग लिंबू-नारळ, भगत, अंगारा यांत दोन दिवस जातात. हेच दोन दिवस जिवावर बेततात.

यावरचा उपचार जुना आणि स्वस्त आहे. क्लोरडायझेपॉक्साइडसारखे औषध ठरलेल्या मात्रेत सुरू करून काही दिवसांत कमी करत बंद करायचे. यकृत खराब असेल तर त्याऐवजी लोराझेपाम वापरायचे. थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व इंजेक्शनने द्यायचे, आणि ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायामिन तिच्या आधी किंवा सोबत द्यायचे. हा शेवटचा नियम साधा वाटतो, पण तो पाळला नाही तर उपाशीपोटी पीत राहिलेल्या माणसाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. स्मरणशक्ती जाते ती परत येत नाही.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

घाटंजीतील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पोळ्यानंतर घरच्यांनी शपथ घालून बापाची दारू बंद केली. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. मुलाने दुचाकीवर मधे धरून त्याला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणले.

राज्यातील ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचे असते. मनोविकारतज्ज्ञाचे पद या पातळीवर सहसा नसते. रात्री ड्युटीवर एक वैद्यकीय अधिकारी असतो. त्याच्यापुढे त्याच वेळी एक बाळंतीण, एक सर्पदंश आणि एक अपघात असतो. तो फिट थांबवण्याचे इंजेक्शन देतो, सलाईन लावतो आणि चिठ्ठी लिहितो : यवतमाळला न्या. यवतमाळ इथून साधारण ४० किलोमीटर. तिथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पण अंतर फक्त किलोमीटरचे नसते. सोबत कोण जाणार, कापूस वेचायला आलेला असताना घरचे दोन माणूस चार दिवस अडकले तर मजुरी कोण देणार, असा तो हिशेब असतो. फिट थांबलेली असते, म्हणून कुटुंब घरी परतते. तिसऱ्या दिवशी काय होऊ शकते हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

यात डॉक्टरला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. त्याला हे शिकवले किती?

एमबीबीएसमध्ये मनोविकारशास्त्राची अंतिम परीक्षा स्वतंत्र नसते. तो विषय मेडिसिनच्या पेपरात काही प्रश्नांपुरता येतो. वॉर्डातले प्रशिक्षण काही आठवड्यांचे, आणि इंटर्नशिपमध्ये जेमतेम दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत बरेच विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या पुस्तकात डोके घालून असतात, हे कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात विचारले तर हसत कबूल केले जाते. परीक्षेत ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी वाचत नाहीत. मग तोच डॉक्टर बंधपत्रित सेवेसाठी तालुक्याला येतो आणि पहिल्याच महिन्यात वॉर्डातल्या निम्म्या पुरुष रुग्णांच्या आजारामागे दारू आहे असे त्याला दिसते. त्याच्याकडे तेव्हा एकच उपाय असतो, उपदेश. ‘पिणं बंद कर, नाहीतर मरशील.’ हे वाक्य रुग्णाने बायकोकडून, आईकडून, सरपंचाकडून शंभरदा ऐकलेले असते.

डीएम पदवीत काय शिकवतात?

एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षांचे एमडी मनोविकारशास्त्र आणि त्यापुढे तीन वर्षांचे डीएम. बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षे. दिल्लीची एम्स, बंगळुरूची निम्हान्स आणि चंडीगडची पीजीआय ही या पदवीची प्रमुख ठिकाणे. एम्सचे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र गाझियाबादला आहे. जागा अगदी मोजक्या आहेत.

एमडी झालेला मनोविकारतज्ज्ञ व्यसनावर उपचार करतोच. डीएमची गरज पडते ती गुंता वाढतो तेव्हा : दारूबरोबर झोपेच्या गोळ्या आणि गांजाही आहे, यकृत निकामी होत आले आहे, रुग्ण स्त्री गरोदर आहे, नैराश्य आधी की दारू आधी हे उलगडत नाही, किंवा वेदनाशामक म्हणून सुरू झालेल्या अफूजन्य गोळ्या सुटत नाहीत. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्यूप्रेनॉर्फिन हे औषध दीर्घकाळ द्यावे लागते. ते कुणाला, किती, कधीपर्यंत आणि त्याचा गैरवापर कसा रोखायचा, हे कौशल्याचे काम आहे. विदर्भातला खर्राही याच शास्त्राचा विषय आहे. तोंडाच्या कर्करोगाची भीती दाखवणारे फलक सगळीकडे आहेत, पण तंबाखू सोडवण्यासाठी औषध आणि समुपदेशन असते हे खर्रा घोटून देणाऱ्यालाही माहीत नाही आणि खाणाऱ्यालाही.

गरज किती मोठी आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या केंद्राने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकाला काही ना काही उपचार मिळाले. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक.

देशात एक लाख लोकसंख्येमागे साधारण ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. या सरासरीने जिल्ह्याच्या वाट्याला वीसेक तज्ज्ञ यावेत. पण डॉक्टर सरासरीने वाटले जात नाहीत. ते पुण्या-मुंबईत आणि नागपुरात एकवटतात. एमडींचे हे असेल तर डीएम झालेला डॉक्टर वाघाडी नदीच्या काठी दवाखाना थाटेल अशी आशा कुणी धरू नये.

दारूबंदी झाली तर हा प्रश्न मिटेल का?

यवतमाळच्या शेजारी वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळमध्येही बायकांनी बंदीसाठी मोर्चे काढले, ग्रामसभांचे ठराव केले. मार खाऊन, मजुरी हिसकावली जाऊन त्या रस्त्यावर आल्या आहेत. त्यांच्या मागणीला हसणाऱ्यांनी आधी त्यांच्या घरात एक रात्र काढावी.

पण बंदी असो वा नसो, ज्याचे शरीर आज दारूवर अवलंबून आहे तो रुग्ण तिथेच असतो. उलट बंदीच्या पहिल्या आठवड्यात त्याला डॉक्टरची गरज सर्वाधिक असते. वणीत नेमके हेच दिसले. दुकाने बंद झाली, शरीराची मागणी बंद झाली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ने हे ओळखले. बंदी आधीपासून असलेल्या या जिल्ह्यात गावसंघटना, जनजागृती आणि कायद्याची अंमलबजावणी यांच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचे क्लिनिक हा त्या कार्यक्रमाचा भाग आहे.

राजकारण मात्र ‘बंदी की परवाना’ या एकाच मुद्द्यावर अडून बसते. त्यात मते असतात. वॉर्डातल्या थायामिनच्या इंजेक्शनवर कुणी मोर्चा काढत नाही.

समुपदेशकाने भागणार नाही का?

बऱ्याच जणांचे भागते. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना, डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी एक ते चार बैठकांत मदत केली. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. आशा कार्यकर्ती किंवा गावातला बारावी झालेला तरुण हे काम शिकू शकतो.

मात्र या अभ्यासात दारूवर पूर्ण अवलंबून असण्याची शक्यता असलेले रुग्ण घेतलेले नव्हते. त्यांना डॉक्टरच लागतो. म्हणजे काम दोन पायऱ्यांचे आहे, आणि पहिल्या पायरीवरच्या समुपदेशकाने कुणाला वर पाठवायचे हे ठरवायला वर कुणीतरी असावे लागते. आज घाटंजीसारख्या ठिकाणी ही दुसरी पायरी रिकामी आहे. ती रिकामी राहिली की जागा भरतात ती भिंतींवरच्या जाहिरातींनी : ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’. अशा पुड्यांत काय असते याचा भरवसा नसतो. डायसल्फिराम असेल आणि रुग्णाला न सांगता भाजीत घातले असेल, तर त्यावर दारू पोटात गेल्यावर चेहरा लालबुंद होणे, उलट्या, धडधड आणि रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हे औषध वाईट नाही. रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून ते आजही दिले जाते. नकळत देणे वाईट.

महाराष्ट्राकडे स्वतःचा अनुभव काय सांगतो?

येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. व्यसन हा आजार आहे, व्यसनातून बाहेर आलेला माणूस उत्तम समुपदेशक होतो आणि कुटुंबावरही उपचार लागतात, हे मराठी समाजाला त्या कामाने शिकवले. त्यात मनोविकारतज्ज्ञ होत्या हे मात्र अनेकदा विसरले जाते. राज्यात नंतर व्यसनमुक्ती केंद्रे पुष्कळ निघाली. काही चांगली, काही नुसती कोंडवाडे. बांधून ठेवणे, मारणे हे उपचार नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकार मानसिक आजारांत मोडतात आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे.

आणखी एक गाठ आहे. व्यसनमुक्तीचे धोरण आणि केंद्रे सामाजिक न्याय विभागाकडे, दारूचा महसूल उत्पादन शुल्क विभागाकडे, रुग्ण आरोग्य विभागाकडे आणि डॉक्टर घडवणे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. एकच माणूस चार विभागांत वाटला गेला आहे. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरला व्यसनोपचार शिकवण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, याचे उत्तर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवून देऊ शकतात.

मग तज्ज्ञ घडवून काय उपयोग?

उपयोग आहे, पण त्यांच्याकडून काय काम घ्यायचे हे आधी ठरवायला हवे. राज्याने शासकीय महाविद्यालयांत या विषयाचे चार-सहा तज्ज्ञ आणले आणि त्यांना रोज शंभर रुग्णांच्या ओपीडीत बसवले, तर घाटंजीला काहीच मिळणार नाही. त्यांचे पहिले काम शिकवणे असावे. यवतमाळच्या महाविद्यालयातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इंटर्नने त्या दोन आठवड्यांत किमान काही रुग्णांची दारू स्वतःच्या हाताने, देखरेखीखाली उतरवलेली असावी. प्रसूती केल्याशिवाय इंटर्नशिप पुरी होत नाही, तसेच हेही.

आधीच नोकरीत असलेल्या डॉक्टरांसाठी मोबाइल पुरेसा आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस-सीच्या उपचारांसाठी ‘एको’ ही पद्धत सुरू केली. ठरलेल्या वेळी आडगावचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर येतात, प्रत्येक जण आपला एक अवघड रुग्ण मांडतो, तज्ज्ञ आणि बाकीचे डॉक्टर त्यावर बोलतात. निम्हान्सने ती व्यसनोपचाराच्या प्रशिक्षणासाठी आपल्याकडे वापरली आहे. रुग्ण घाटंजीतच राहतो, ज्ञान प्रवास करते. जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातील एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशा वर्गात वर्षभर बसली, आणि बाजाराच्या दिवशी व्यसनोपचाराची ओपीडी लागली, तर सुरुवात होईल. बदली झाली की सगळे संपते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून परिचारिका हवी, आणि म्हणून इंटर्नपासून सुरुवात हवी : बदलून येणाराही शिकलेलाच असेल.

आधीच वाकलेल्या डॉक्टरवर आणखी ओझे का, असेही विचारले जाईल. पण हे रुग्ण नवे नाहीत. ते आजही त्याच वॉर्डात आहेत. केसपेपरवर कावीळ लिहिलेले असते, रक्ताची उलटी, अपघात, क्षयरोग किंवा विषप्राशन लिहिलेले असते. दारूची नोंद होत नाही एवढेच. (शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत हीच नोंद उलट टोकाला जाते. ‘दारू पीत होता’ एवढे लिहून कर्ज आणि नापिकी पुसून टाकली जाते. शिकलेला डॉक्टर दोन्ही लिहील.) सर्पदंशावर प्रतिविष द्यायला घाटंजीत सुपरस्पेशालिस्ट लागत नाही. ग्रामीण डॉक्टर ते शिकले, औषध फ्रिजमध्ये असते, जीव वाचतात. दारू उतरवणे त्याहून अवघड नाही. फक्त ही औषधे स्वतःही सवय लावणारी असतात, म्हणून ती शिकूनच द्यावी लागतात.

तूर्तास कुटुंबाने काय करावे?

मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध आहेत. रोज आणि भरपूर पिणाऱ्याची दारू शपथ घालून किंवा कोंडून एकदम तोडू नये. डॉक्टरशी बोलून तारीख ठरवावी. पूर्वी कधी फिट आली असेल, भास झाले असतील, तर घरी प्रयत्न करूच नये, दाखल करावे. एकदा सोडून पुन्हा सुरू झाली तर उपचार फसले असे समजू नये. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला तर कुणी रुग्णाला नालायक म्हणत नाही.

आणि रुग्णालयात नेल्यावर, डॉक्टरने विचारले नाही तरी, दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात : तो रोज किती पितो, आणि शेवटचा घोट कोणत्या दिवशी, किती वाजता घेतला.